एकोणीस नंबरची सावली

बेअरिंगचं बाहेरचं कडं फिरोजनं रॉकेलमध्ये धुतलं, गोणपाटावर ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, ह्याला गेरू कुणी लावला?"

मी वाकून पाहिलं. कड्याच्या आतल्या, आरशासारख्या असायला हव्या त्या पृष्ठभागावर आडव्या रेघा होत्या आणि रेघांच्या कडेला तांबूस पूड चिकटली होती. बोट फिरवलं तर बोटाला लागली. गेरूसारखीच दिसत होती.

"पुसू नका," मी म्हटलं. "आहे तसं राहू द्या."

"तुम्ही बघा. मी च्या सांगतो."

"दुसऱ्यांदा?"

"पठारावर च्या मोजायचा नसतो मॅडम. वारा पितो अर्धा."

जांभुळसड्याच्या पठारावर तेव्हा चाळीसेक पवनचक्क्या होत्या. पात्यांची संथ गती वाढवत वाढवत जनित्रापर्यंत पोचवणारी जी यंत्रणा उंच खांबावरच्या खोलीत असते, म्हणजे मुख्य दांडा, गिअरबॉक्स, ब्रेक, आणि हे सगळं सांभाळणारा नियंत्रक, ते माझं काम. पुण्याच्या कार्यालयात बसून मी ते आकड्यांत करत असे. यंत्र मोडलं, की क्वचित असं वर यावं लागे.

एकोणीस नंबरचा गिअरबॉक्स मकरसंक्रांतीच्या सुमारास मोडला होता. क्रेन लावून पाती उतरवली, मग गिअरबॉक्स उतरवला, आणि आता तो शेडमध्ये आमच्यासमोर उघडा पडला होता. काही दातांचे कोपरे उडालेले, बेअरिंगचे दोन रोलर फुटलेले. वरच्या खोलीत काही उरलं नव्हतं. खांब पाहिला की माणसाची टोपी उडाल्यासारखं वाटे.

सकाळी निघण्यापूर्वी आमचे विभागप्रमुख दीक्षित मला म्हणाले होते, "सुनीती, मला तर सरळ केस दिसते. गिअरबॉक्सला जनित्र जोडणारं कपलिंग शेवटचं त्या शेलारनं जुळवलं होतं. जुळणी चुकली, कंप वाढला, गिअरबॉक्स गेला. तसं असेल तर तसं लिहून दे, विषय संपव."

"शेलार म्हणजे वारले ते?"

"हो. सोपान शेलार. गेल्या मे महिन्यात, काविळीनं. आणि एक लक्षात ठेव, त्याच्या बायकोचा अनुकंपेचा अर्ज माझ्या टेबलावर आहे. नियंत्रणकक्षात ऑपरेटर म्हणून. नुकसान त्याच्या चुकीनं झालं असं निघालं, तर वरचे लोक त्या अर्जावर सही करणार नाहीत. मला वाईट वाटतं, पण गिअरबॉक्स काही स्वस्त नसतो."

म्हणजे मी लिहीन त्यावर एका बाईची नोकरी अवलंबून होती. हे मला आधी कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं घाट चढताना वाटलं होतं.

जुळणी चुकली असती तर दातांच्या एकाच कडेला जास्त घासल्याच्या खुणा दिसल्या असत्या. मी भिंग घेऊन एकेक दात पाहिला. खुणा दाताच्या पूर्ण रुंदीवर सारख्या होत्या. सोपान शेलारनं जुळणी व्यवस्थित केली होती. ते मी दुपारच्या आत फिरोजला सांगितलं.

"मग काय! सोपान्याचा हात होता तो," फिरोज म्हणाला. फिरोज शिकलगार हा तिथला तंत्रज्ञ, सोपानचा जोडीदार. दोघं बरोबर नोकरीला लागले होते. "त्यो जेवताना पण भाकरी मधोमध मोडायचा. एक तुकडा मोठा झाला की परत कुरतडून सारखा करायचा. लग्नात मी म्हटलं शालनवहिनीला, जपून, ह्यो मीठ पण मोजून घेतो."

"ह्या रेघा मात्र कपलिंगच्या नाहीत," मी म्हटलं. "ते सुटे रोलर द्या बरं."

शाबूत रोलर आम्ही एकेक करून त्या कड्यात मांडले. पहिला एका रेघेवर ठेवला. शेजारचा आपोआप शेजारच्या रेघेवर आला. तिसरा तिसरीवर. भार जिथे पडतो त्या बाजूचा पृष्ठभाग उखडून गेला होता, पण उरलेल्या भागात प्रत्येक रोलर आपापल्या रेघेवर असा बसला, की जणू तिथेच त्याची जागा होती.

फिरोज बघत राहिला.

"फिरताना रेघा पडल्या असत्या तर अशा पडल्या असत्या का?" मी विचारलं.

त्यानं मान आडवी हलवली.

"ही चक्की फिरत नव्हती फिरोजभाई. ब्रेक लावून एकाच जागी उभी होती. एक-दोन दिवस नाही, बराच काळ. मधे एकदाही सोडली नाही. रोज बंद-चालू होणाऱ्या चक्कीत रोलर दर वेळी वेगळ्या जागी थांबतात, अशी एकच ओळ उमटत नाही. कधी उभी होती ही?"

"बॅकडाऊन असतंय की पावसाळ्यात," तो म्हणाला. पावसाळ्यात विजेची मागणी कमी आणि धरणांची वीज भरपूर. मग वरून फोन येई, इतक्या चक्क्या बंद ठेवा. कोणत्या ठेवायच्या ते पठारावर ठरे. हे मला माहीत होतं.

"पण आलटून पालटून ठेवतात ना?"

"ते साहेबांना विचारा."

"तुम्हाला माहीत आहे."

"मला च्या किती झाला ते पण माहीत न्हाई," फिरोज म्हणाला आणि कप उचलून बाहेर गेला. एवढ्या बोलक्या माणसाचं ते गप्प होणं मला त्या रेघांइतकंच स्पष्ट वाटलं.

जगन्नाथ मानकुमरे हे पठाराचे प्रमुख. पन्नाशीचे, उंच, कानाला मफलर, आवाज मात्र इतका हळू की वाऱ्यात ऐकण्यासाठी जवळ जावं लागे. मी त्यांच्या खोलीत जाऊन सरळ विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, किल्ली उचलली आणि म्हणाले, "चला, गाडीत बोलू."

जीप एकोणीसच्या खांबापाशी थांबली. पायथ्याला तिन्ही पाती लाकडी ओंडक्यांवर आडवी ठेवली होती. जमिनीवर ती फार मोठी दिसतात. एक कुत्रं एका पात्याच्या आडोशाला वारा चुकवून झोपलं होतं.

"तेल वेळेवर बदललं न्हाई, असं लिहा," मानकुमरे म्हणाले. "जबाबदार, जगन्नाथ मानकुमरे."

"तेल बदललेलं आहे. मी नमुना तपासला."

"मग दुसरं कायतरी लिहा. माझ्या नावावर. सोपानचं नाव येऊ देऊ नका, एवढंच."

"सोपानचं नाव येणार नाही. त्याचं काम चोख आहे. पण चक्की उभी का होती, ते मला हवंय."

ते खाली उतरले. मीही उतरले. पश्चिमेला उतारावर दहा-बारा घरांची वस्ती होती, कौलं आणि पत्रे. त्यांनी हात केला.

"ते कडेचं, पुढं तुळस हाय ते, सोपानचं घर. वैशाखात सूर्य जरा उत्तरेला सरकला की सकाळी ह्या मशीनची सावली त्याच्या अंगणातून जाती. थोडेच दिवस. एकामागं एक पात्यांची सावली, सर्र सर्र. सोपान वर कामाला असला की शालनला म्हणायचा, सावली आली की समज, मी हाय वर. शालन पण अशी, हातातला झाडू दाखवायची वर. त्याला काय दिसतंय एवढ्या लांबनं? पण दाखवायची."

ते थांबले. 

"सोपान गेला त्याच दिवसांत. पुढल्या सकाळी बाया बसलेल्या अंगणात. आणि ही सावली आली. सगळ्यांच्या अंगावरनं, सर्र सर्र. शालन तोवर रडली पण नव्हती. उठली, आणि माझ्याकडं येऊन म्हणाली, दादा, तेवढं ते थांबवा. मी काय म्हणणार? फोन केला, थांबवा म्हटलं. फिरोजनं थांबवलं."

"पण नुसतं थांबवलं तर ते मोकळं राहतं," मी म्हटलं. "पाती वाऱ्याला कड देऊन उभी राहतात आणि सावकाश कुठे तरी सरकत राहतात."

"तेच की. ती म्हणाली, अजून हलतंय. मग ब्रेक लावला."

"आणि मग?"

"मग ती म्हणेल तेव्हा सोडू, असं ठरवलं. ती काय म्हणाली न्हाई. बॅकडाऊन आला तेव्हा म्हटलं, बंदच ठेवायचीत ना, मग ही ठेवू. एका परीनं सोपंच झालं. आषाढ, श्रावण, सगळं गेलं. धुकं असं, की त्या घरातनं खांबसुद्धा दिसत नव्हता. तरी मी ब्रेक सोडला न्हाई." ते माझ्याकडे वळले. "दसऱ्याला चालू केलं. त्यात काय चुकलं ते मला अजून कळलं न्हाई मॅडम. उभ्या बैलाचे खूर झिजतात का?"

मी पायथ्याच्या काँक्रीटवर बसले आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली.

"हे गिअरचे दात. ह्या टोकाला ब्रेकनं गच्च धरलंय. त्या टोकाला पाती, आणि पावसाळ्यातला वारा त्यांना सारखा ढकलतोय. फिरता येत नाही, म्हणून दातांमधल्या बारीकशा फटीत ते इकडून तिकडे आपटत राहतात. त्याच जागी. बेअरिंगचे रोलरही त्याच जागी चुळबुळतात. खालचं तेल दाबून निघून जातं, नवं येत नाही. लोखंड लोखंडावर घासतं. ती तांबडी पूड त्याचीच. बाहेरून मात्र चक्की अगदी शांत दिसते."

मानकुमरे माझ्या बोटांकडे पाहत राहिले.

"म्हणजे मीच मोडलं," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "ते लिहा. पण शालनचं नको. ती रोज येऊन नियंत्रणकक्षात बसतीय, शिकतीय. तिला हे कळलं तर ती त्या खुर्चीवर परत बसायची न्हाई. नवरा गेला, आणि वर त्याचं मशीन आपल्या तोंडच्या एका शब्दानं मोडलं. कशी बसंल?"

"मी तिला सांगणार नाही," मी म्हटलं.

हे मी अगदी मनापासून म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये मोजमापं घेत होते. फिरोज समोर बसून रोलर पुसत होता आणि काल गप्प राहिल्याची भरपाई करत होता. इतक्यात दारात कोणी तरी उभं राहिलं.

"फिरोजभाऊ, दीड वाजला. डबा स्वतः चालत येतोय का बघत बसलाय व्हय?"

"आलीस का वहिनी! बघा मॅडम, ही अजून ऑपरेटर झाली न्हाई आणि आत्तापासनं अलार्म वाजवतीय."

तिशीच्या आतली, सडपातळ, साडीवर पुरुषी स्वेटर. स्वेटर सोपानचा असणार, बाह्या दुमडलेल्या होत्या. तिनं डबा ठेवला, मला नमस्कार केला.

"तुम्ही पुण्याच्या मॅडम? मी शालन शेलार. तुमचंच प्रोग्राम हाय ना त्या स्क्रीनवर? सात नंबर थांबलं की तिथं पिवळं का येतं आणि बाराला निळं का, हे मला कुणी धड सांगत न्हाई. हे फिरोजभाऊ म्हणतात, त्याचा रंगच तसाय."

"पिवळं म्हणजे बिघाडानं थांबलं. निळं म्हणजे आपण थांबवलं."

"हां." तिनं मान हलवली. "आणि निळ्यावर ते कुलपासारखं चित्र?"

फिरोजचा हात थांबला.

"ते ब्रेक लावल्याचं," मी म्हटलं.

"एकोणीसवर ते चित्र होतं," शालन म्हणाली. "मी पहिल्यांदा बसले त्या खुर्चीत, श्रावणात, तेव्हा होतं. बाकी निळ्यांवर नव्हतं. एकट्या एकोणीसवर. तेव्हा मला अर्थ लागत नव्हता."

ती गोणपाटाजवळ आली. काल मांडलेले रोलर तसेच कड्यात होते. तिनं एक उचलला, खालची रेघ पाहिली आणि परत ठेवला. रोलर बरोबर रेघेवर बसला. मग तिनं दुसरा उचलला. तोही पाहून परत ठेवला.

"सगळ्यांच्या खाली हाय," ती म्हणाली.

"वहिनी, तू जेव चल. मॅडमना काम करू दे."

"मी काय हात धरलाय त्यांचा?" ती माझ्याकडे वळली. "मॅडम, काल दादा तुम्हाला खांबापाशी घेऊन गेले. मी अंगणातनं बघत होते. माझ्या घराकडं हात करून बोलत होते. आल्यापासनं माझ्याकडं बघत न्हाईत. हे फिरोजभाऊ पण बघत न्हाईत. तुम्ही तरी सांगा. मी थांबवायला सांगितलं, म्हणून मोडलं का ते?"

याच वेळी मानकुमरे दारात आले. त्यांनी ऐकलं होतं. "शालन, तू कक्षात जा. तिकडं कुणी न्हाई."

"जाते. आधी ऐकते."

मी आदल्या दिवशी दिलेला शब्द माझ्या डोक्यात होता. पण ती माझ्या समोर उभी होती. तिनं प्रश्न नेमका विचारला होता आणि अर्धं उत्तर स्वतःच शोधलं होतं. पुढे आयुष्यभर ती त्या स्क्रीनवर ते कुलूप बघणार होती. नाही म्हटलं असतं, तरी तिनं ते खोटं म्हणून ओळखलं असतं.

"बसा," मी म्हटलं. ती गोणपाटाच्या कडेला उकिडवी बसली.

मी एक चांगलं बेअरिंग आणलं. लहानसं, शेडमध्ये पडलेलं. त्यात तेलाचे थेंब सोडले आणि ते तिच्या हातात दिलं.

"फिरवा."

तिनं फिरवलं. तेल सगळीकडे पसरलं, चकाकलं.

"आता घट्ट धरा आणि नुसतं इकडे तिकडे हलवा. केसभर. फिरू देऊ नका."

तिनं हलवलं. बराच वेळ हलवलं. मग मी म्हटलं, थांबा, आणि दाखवलं. रोलर टेकले होते तिथून तेल बाजूला सरकलं होतं. प्रत्येकाखाली एक कोरडी पट्टी.

"फिरवा परत. एकदाच."

तिनं एक फेरा दिला. पट्ट्या गेल्या.

"थांबवल्यानं मोडलं नाही," मी म्हटलं. "थांबवलेली चक्की महिनोन् महिने नीट राहते. पण तिला मोकळं सोडावं लागतं. वारा येईल तशी ती थोडी सरकते, तेवढ्यानं तेल जागेवर येतं. ही गच्च धरून ठेवली होती, आणि पुढच्या पावसाळ्यातल्या वाऱ्यातही तशीच धरून ठेवली. त्यानं मोडली. तुम्ही थांबवायला सांगितलं होतं. किती दिवस धरून ठेवायची, हे तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं. आणि धरून ठेवलं तर काय होतं हे इथे कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या सूचनापुस्तकातही त्याबद्दल एक अक्षर नाही."

"एक फेरा पुरतो?" तिनं विचारलं.

"तासाभरात एखादा. पुरतो."

तिनं ते बेअरिंग हातात तसंच फिरवत ठेवलं.

"तेव्हा हे मला कुणी सांगितलं असतं," ती म्हणाली, "की बाई, थोडं फिरू दे, न्हाईतर मोडंल. तर मी काय म्हटलं असतं माहीताय? मोडू दे म्हटलं असतं."

तिनं बेअरिंगला अजून एक फेरा दिला.

"तेव्हा," ती म्हणाली.

मग तिनं वर पाहिलं. "आणि दादा, तुम्ही मला विचारायचं तरी. दसऱ्यापर्यंत वाट बघत बसला व्हय माझ्या तोंडाची? मला वाटलं, बॅकडाऊन हाय."

"मला वाटलं, तुला..." मानकुमरे म्हणाले आणि मफलर नीट करू लागले.

"घ्या," फिरोज म्हणाला, "दोघं एकमेकांसाठी थांबले आणि गिअरबॉक्स मधल्या मधी मेला."

शालन हसली. हसताना तिचे डोळे भरले. तिनं ते स्वेटरच्या बाहीनं पुसले, तर बाहीला लागलेलं तेल गालावर आलं. "जेवा आता. भाकरी वाळली," ती म्हणाली आणि नियंत्रणकक्षाकडे निघून गेली. जाताना बेअरिंग घेऊन गेली. मी परत मागितलं नाही.

दुपारी मी दीक्षितांना फोन केला. कपलिंगची जुळणी बरोबर आहे, बिघाड दीर्घकाळ ब्रेकवर उभं राहिल्यानं झाला आहे, असं सांगितलं.

"पण ब्रेक लावून ठेवला कुणी?"

"पठारप्रमुखांच्या सांगण्यावरून लावला गेला. ते स्वतः तसं लिहून देत आहेत. वरून आलेल्या आदेशाप्रमाणे काही चक्क्या बंद ठेवायच्याच होत्या. ब्रेक किती काळ लावून ठेवावा, याला आपल्याकडे मर्यादा नाही. नियंत्रकही हरकत घेत नाही. घ्यायला हवी."

"हीच चक्की का ठेवली सारखी?"

खिडकीतून मला शालन दिसत होती. स्क्रीनसमोर बसली होती, पाठ ताठ.

"ते धातूवर लिहिलेलं नसतं, सर," मी म्हटलं.

दीक्षित वाईट गृहस्थ नव्हते. "मानकुमऱ्यांना हे भोवेल," ते म्हणाले.

"त्यांना माहीत आहे."

"आणि शेलारचं?"

"शेलारचं काम निर्दोष आहे. ते मी पहिल्या परिच्छेदात लिहिते आहे."

परत निघण्याआधी मानकुमऱ्यांनी मला नियंत्रणकक्षात बोलावलं. वरून फोन आला होता, तीन चक्क्या बंद ठेवायला. शालननं शिकलेल्या क्रमानं त्या थांबवल्या. एकेक निळी झाली. चौदा नंबरवर कुलपाचं चित्र आलं. थांबताना कधी कधी ब्रेक आपोआप लागतो; मग तो हातानं सोडावा लागतो.

"आता सोड," मानकुमरे म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं ब्रेक सोडला, कुलूप गेलं. मग ती उठली आणि दार उघडून बाहेर गेली. आम्हीही गेलो. वारा कमी होता. चौदाची पाती कड देऊन उभी होती. बराच वेळ काही झालं नाही. मग एक पातं, जे खाली होतं, ते किंचित बाजूला झालं. घड्याळाचा काटा सरकताना दिसत नाही, सरकलेला दिसतो, तसं.

"हलतंय," शालन म्हणाली.

मे महिन्यात तिनं हाच शब्द म्हटला होता, आणि मानकुमऱ्यांनी ब्रेक लावायला लावला होता. ते आता तिच्या शेजारी उभे होते.

पुण्याला आल्यावर मी नियंत्रकाच्या कार्यक्रमात एक बदल केला. लहानसाच. ब्रेक ठरावीक काळापेक्षा जास्त राहिला आणि वर कोणी माणूस काम करत नसेल, तर ब्रेक आपणहून सुटावा, पात्यांचा निदान एक फेरा व्हावा. दीक्षितांनी त्याला नाव विचारलं. मी म्हटलं, नाव कशाला हवं.

शालनच्या अर्जावर उन्हाळ्याआधी सही झाली. मानकुमऱ्यांची बढती रोखली गेली आणि त्यांना धुळ्याकडच्या प्रकल्पावर पाठवलं. निघताना मला फोन करून म्हणाले, "तिकडं पण वाराच हाय की मॅडम. फक्त च्या कोण सांगणार, एवढाच प्रश्न." दोन-तीन वर्षांनी ते परत आले आणि पठारावरूनच निवृत्त झाले. एकोणीसला नवा गिअरबॉक्स बसला. मी पुढे दुसऱ्या कामांत गेले. जांभुळसड्याला परत जाणं झालं नाही.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. गेल्या वैशाखात एका सकाळी माझा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता, त्यावरून मी ओळखलं.

"मॅडम, शालन बोलतीय. शालन शेलार. पठारावरनं."

"बोला शालनताई."

"मानकुमरे दादा गेले. परवा. झोपेतच."

 ती पुढे म्हणाली, "मी आता इथं शिफ्टची इनचार्ज हाय. आज एकोणीस बंद ठेवलंय. तसं वर कळवलंय, नियमानं. एक दिवस. कुणी न्हाई म्हटलं न्हाई."

"ब्रेक?" मी विचारलं. तोंडून निघूनच गेलं.

"सोडलाय. तुमचा प्रोग्राम सोडायच्या आधी मीच सोडलाय."

मागे कोणी तरी बोललं. फिरोज असावा. तिनं त्याला "दोन मिनिटं थांबा की" म्हटलं.

"रातपाळी संपवून आत्ताच घरी आले, अंगणातच उभी हाय मी," ती म्हणाली. "सावली आलीय."

मी फोन कानाला धरून थांबले. बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "तुळशीपाशी पोचली. चाललीय पुढं. सावकाश."